म्बारेच्या चौदा आज्या

झिम्बाब्वेची राजधानी हरारे. शहराच्या मध्यापासून दक्षिणेला थोडं गेलं की म्बारे लागतं. हरारेतली ही सर्वांत जुनी कामगारवस्ती. दाटीवाटीची घरं, भाजीपाल्याचा मोठा बाजार आणि बाजाराला खेटून लांब पल्ल्याच्या बसगाड्यांचा तळ. इथल्या दवाखान्याच्या आवारात २००६ साली झाडाखाली बसून बोलण्यासाठी एक साधा बाक ठेवला गेला. त्यावर वस्तीतल्याच वयस्क बायका बसू लागल्या. ज्यांना झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगण्यात राम वाटत नाही, अशी माणसं त्यांच्या शेजारी येऊन बसू लागली, बोलू लागली. ‘फ्रेंडशिप बेंच’ या नावाने आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या सामुदायिक मानसिक आरोग्यसेवेची सुरुवात ही अशी झाली. सुरुवात करणाऱ्या बायका चौदा होत्या आणि त्यांच्यासोबत एक मानसोपचारतज्ज्ञ होते, डॉ. डिक्सन चिबांडा.

हे पुस्तक त्या चौदा जणींविषयी आहे. त्यांच्यातल्या काही आता हयात नाहीत. ज्या आहेत त्या थकल्या आहेत. सेवा मात्र वाढते आहे. ती हरारेच्या बाहेर गेली, मग झिम्बाब्वेच्या बाहेर आणि पुढे आफ्रिकेच्याही बाहेर. संस्था मोठी होत जाते तसा तिचा आरंभ धूसर होतो, हा सगळीकडचा अनुभव आहे. मागे एक सुटसुटीत कथा उरते: एका हुशार डॉक्टरला कल्पना सुचली, त्याने थोडंफार शिकलेल्या आज्यांना तयार केलं आणि आज्यांनी ते काम इमानेइतबारे केलं. कथा ऐकायला बरी आहे, पण खरी नाही. खुद्द डॉ. चिबांडाही ती अशी सांगत नाहीत. २०२५ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या शीर्षकातच त्यांनी या चौदा आज्यांना प्रेरणेचं श्रेय दिलं आहे.

त्याच्याही एक पाऊल पुढे जावं असं मला वाटतं. त्या चौदा जणींना या सेवेच्या संस्थापक म्हणायला हवं, आणि तेही सौजन्याने नव्हे, तर त्यांनी नेमकं काय केलं याचा हिशोब मांडून. या प्रस्तावनेत तो हिशोब मांडायचा आहे. म्बारे आपल्यापासून दूर आहे. पण ज्या राज्यात मैलोन्मैल मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि प्रत्येक गावात एक आशाताई आहे, त्या राज्यातल्या वाचकाला हा हिशोब परका वाटणार नाही.

आधी काळ समजून घेऊ. मे २००५ मध्ये झिम्बाब्वे सरकारने ‘ऑपरेशन मुरांबात्स्विना’ नावाची मोहीम काढली. शोना भाषेतल्या या नावाचा अर्थ ‘कचरा साफ करा’ असा आहे. अनधिकृत ठरवलेली घरं, टपऱ्या, बाजार पाडायला सुरुवात झाली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार सुमारे सात लाख माणसांचं घर गेलं, नाहीतर रोजीरोटी गेली, किंवा दोन्ही गेलं. एचआयव्हीची साथ आधीपासून होतीच. ऐन कमावत्या वयातली मुलं-सुना, मुली-जावई गेले आणि नातवंडं आजीच्या पदरात आली, अशी घरं गल्लोगल्ली होती. देशाची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास, आणि मानसोपचारतज्ज्ञ जेमतेम डझनभर, तेही बहुतेक राजधानीतच.

या डझनभरातले एक डॉ. चिबांडा. त्यांच्याकडे उपचार घेणारी २६ वर्षांची एक तरुणी दूरच्या खेड्यात राहत होती. तिने जीव द्यायचा प्रयत्न केल्याचं कळलं तेव्हा तिला हरारेला घेऊन या, असा निरोप त्यांनी दिला. ती आली नाही. काही दिवसांनी तिने आत्महत्या केल्याचीच बातमी आली. का आणलं नाहीत, असं विचारल्यावर आईने सांगितलं, बसच्या भाड्याला १५ डॉलर लागत होते, ते नव्हते. डॉ. चिबांडांनी ही हकीकत पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. आजारी माणसाने रुग्णालयात येण्याची वाट बघत बसायचं नाही, हा निर्णय त्यांनी या घटनेनंतर घेतला.

निर्णय घेणं सोपं होतं. साधनं मात्र काहीच नव्हती. म्बारेत सेवा सुरू करण्यासाठी त्यांनी वरिष्ठांकडे माणसं मागितली. परिचारिका देता येणार नाहीत, असं उत्तर आलं, कारण त्या एचआयव्ही, बाळंतपणं आणि लसीकरणातच गुंतलेल्या होत्या. दवाखान्यात खोलीही मिळणार नव्हती. मिळाल्या त्या चौदा आज्या आणि इमारतीबाहेरची मोकळी जागा. डॉ. चिबांडांनी प्रांजळपणे सांगितलं आहे की, यांच्याकडून हे काम होईल यावर त्यांचा सुरुवातीला फारसा विश्वास नव्हता. हातात दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी सुरुवात केली.

या बायका तशा नवख्या नव्हत्या. हरारेच्या आरोग्य विभागात वस्तीपातळीवर काम करणाऱ्या आरोग्यसेविकांची परंपरा जुनी आहे. क्षयरोगाच्या पेशंटने गोळ्या घेतल्या का, बाळाला लस दिली का, पाणी उकळून पिता का, हे दारोदार जाऊन विचारणं हे त्यांचं नेहमीचं काम. लोक त्यांना ‘अंबुया उतानो’ म्हणत, म्हणजे आरोग्याच्या आजी. कोणाच्या घरात काय शिजतं आणि कोणाच्या घरात चूल पेटत नाही, हे त्यांना माहीत होतं. कोणाचा नवरा काम सोडून बसला आहे, कोणाच्या सुनेने दोन दिवस दार उघडलेलं नाही, हे दवाखान्याच्या आधी त्यांना कळायचं. त्यांचं हे भांडवल कुठल्याही प्रशिक्षणाने मिळालेलं नव्हतं, आणि पुढे सगळी सेवा उभी राहिली ती त्यावरच.

हिशोबातली पहिली नोंद नावाची. ‘मानसिक आरोग्याचा बाक’ असं नाव ठेवायचा डॉक्टरांचा विचार होता. आज्यांनी तो मोडून काढला. अशा नावाच्या बाकावर वस्तीतलं कोणी बसणार नाही, बसलं तर चार लोक बघतील आणि वेड लागलं म्हणतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांनी सुचवलेल्या नावातून आजचा ‘मैत्रीचा बाक’ आला. वरवर ही बाब किरकोळ दिसते. पण मानसिक आरोग्याच्या किती योजना, किती केंद्रं केवळ दारावरच्या पाटीमुळे रिकामी राहतात, हे ज्याने पाहिलं असेल त्याला या दुरुस्तीचं मोल समजेल.

दुसरी नोंद भाषेची. नैराश्य, चिंताविकार असे शब्द वापरून वस्तीत काम होणार नाही, असं आज्यांचं म्हणणं होतं. लोक आपल्या त्रासाला ‘कुफुंगिसिसा’ म्हणत. एकच विचार डोक्यात घोळत राहणं, डोकं विचारांनी भणाणून जाणं, या अर्थाचा हा रोजच्या बोलण्यातला शब्द. सगळं समुपदेशन त्या बोलीत बसवलं गेलं. उपचाराच्या टप्प्यांनाही शोना नावं मिळाली: आधी मन उघडायचं, मग माणसाला उभारी द्यायची, मग त्याला बळकट करायचं. समस्यानिवारणाची ही पद्धत मानसोपचारात आधीपासून माहीत होती. म्बारेतल्या माणसाला ती आपली वाटेल अशा बोलीत आणि क्रमात ती बसली, ती या बायकांच्या सांगण्यातून.

प्रत्यक्ष बाकावर काय चालतं, ते जवळून पाहू. पाठीला बाळ बांधलेली एक बाई दवाखान्यात येते. तक्रार पोटदुखीची किंवा डोकेदुखीची. परिचारिकेला शंका येते आणि ती तिला बाहेर आजीकडे पाठवते. आजी सरकून जागा करून देते, घरच्यांची विचारपूस करते. मग चौदा प्रश्नांचा कागद निघतो. गेल्या आठवड्यात कधी फार विचार करत बसलात का? क्षुल्लक कारणावरून राग आला का? वाईट स्वप्नं पडली का? रडू आलं, निदान रडावंसं वाटलं का? झोप लागली नाही असं झालं का? कामं मागे पडत गेली का? साधा निर्णय घेणंही जड गेलं का? उत्तर हो किंवा नाही, इतकंच द्यायचं. याच चौदांत एक प्रश्न जीव द्यावासा वाटला का, असा असतो, आणि आजीने तो न कचरता विचारायचा असतो. त्याचं उत्तर ‘हो’ आलं तर पुढचा मार्ग वेगळा. तो धोका आजीने एकटीने अंगावर घ्यायचा नाही, दवाखान्यातल्या वरच्या माणसाला लगेच सांगायचं आणि गरज पडली तर पेशंट मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचवायचा.

‘हो’ची संख्या ठरावीक आकड्याच्या वर गेली की खरं बोलणं सुरू होतं. बाई सांगत जाते. भाडं थकलं आहे, नवरा घरी पैसे देत नाही, थोरलीची फी भरायची आहे, स्वतःची एचआयव्हीची तपासणी पॉझिटिव्ह आली आहे आणि सासरी कोणाला सांगितलेलं नाही. आजी ऐकते आणि एकेक अडचण वेगळी काढते. मग विचारते, यातली कोणती आधी हातात घेऊ या? निवड त्या बाईनेच करायची. समजा तिने फी निवडली. त्यावर काय काय करता येईल, हेही तिच्याच तोंडून काढायचं: मुख्याध्यापकांना भेटून मुदत मागणं, बहिणीकडून उसने घेणं, बाजारात दोन दिवस टोमॅटो विकायला बसणं. त्यातलं एक ठरवायचं. कोणत्या दिवशी, कोणाबरोबर, काय बोलायचं, इतक्या बारकाईने ठरवायचं. पुढच्या आठवड्यात ती परत येते. जमलं का? नाही जमलं, तर का नाही? अशा साधारण सहा बैठका.

यातली सर्वांत अवघड गोष्ट आजीने उपाय न सांगणं ही आहे. आपल्याकडच्या कोणत्याही घरातल्या वडीलधाऱ्या बाईला हे किती कठीण जाईल, याची कल्पना करून पाहा. आपण दुःख सांगायला गेलो की समोरची मावशी चौथ्या वाक्याला सल्ला देते. ‘मनावर घेऊ नकोस’, ‘देवाचं नाव घे’, ‘आमच्या वेळी तर याहून वाईट होतं’. म्बारेच्या आज्यांनी ही सवय जाणीवपूर्वक मोडली. स्वतःच्या आयुष्यातली एखादी गोष्ट त्या सांगत, पण समोरच्याला धीर यावा एवढ्यापुरतीच. निर्णय ज्याचा त्याचा. आज्यांनी गप्पा मारल्या आणि लोक बरे झाले, असं जे वरवर बोललं जातं, त्यात या शिस्तीचा पत्ता नसतो. प्रेमळपणा त्यांच्याकडे होताच. त्याला त्यांनी कारागिराची शिस्त जोडली.

तिसरी नोंद टिकून राहण्याची. बाक सुरू झाला त्यानंतरची दोन-तीन वर्षं झिम्बाब्वेच्या इतिहासातली फार वाईट वर्षं होती. चलनवाढ इतकी की जानेवारी २००९ मध्ये शंभर लाख कोटी डॉलरची नोट निघाली आणि तिलाही किंमत उरली नाही. २००८-०९ मध्ये कॉलराची साथ आली, ९० हजारांहून जास्त लोकांना लागण झाली, चार हजारांहून जास्त दगावले. मिळणाऱ्या मानधनाचं मोल दिवसागणिक शून्याकडे चाललेलं असताना त्या बाकावर येत राहिल्या. समोर बसलेल्या बाईच्या अडचणी त्यांच्या स्वतःच्या घरातही होत्या. त्यांनी स्वतःची मुलं गमावली होती, पोरक्या नातवंडांना त्या वाढवत होत्या. दिवसभर दुसऱ्यांचं दुःख ऐकून या बायका मोडून पडतील, अशी तज्ज्ञांना भीती होती. तसं झालं नाही. आपल्या वस्तीसाठी आपण उपयोगी पडतो आहोत या जाणिवेने त्यांना सावरलं, असं डॉ. चिबांडा सांगतात. मला यात आणखी एक कारण दिसतं. त्या एकट्या नव्हत्या. चौदा जणी एकमेकींशी बोलत, अडलेल्या केसवर एकत्र विचार करत, डॉक्टरांना प्रश्न विचारत.

हीच एकत्र बसण्याची रीत पुढे सेवेचा भाग झाली. वैयक्तिक बैठका संपल्यावर माणूस पुन्हा एकटा पडू नये म्हणून गट तयार झाले. त्यांचं नाव ‘कुबाताना तोसे’, म्हणजे सगळ्यांनी मिळून हात धरणं. गटातल्या बायका गोल करून बसतात, टाकाऊ प्लॅस्टिकपासून पिशव्या विणतात, विणता विणता बोलतात आणि पिशव्या विकून चार पैसेही घरी नेतात. बचतगटाच्या बैठकीत बसलेल्या आपल्याकडच्या कोणत्याही बाईला यातलं मर्म सांगावं लागणार नाही. हाताला काम, खिशात थोडे पैसे आणि शेजारी ऐकणारं माणूस, या तीन गोष्टी एकत्र आल्या की औषधालाही बळ येतं.

हे सगळं गोड वाटतं, पण त्याने खरोखर फरक पडतो का? हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि संस्थेने तो स्वतःलाच विचारला. हरारेतल्या २४ दवाखान्यांत ५७३ पेशंटवर तुलनात्मक चाचणी झाली. काही दवाखान्यांत बाकावरची सेवा दिली गेली. उरलेल्यांत नेहमीचे उपचार आणखी सुधारून दिले गेले, म्हणजे परिचारिकेकडून तपासणी, माहिती, गरजेप्रमाणे औषध आणि वरच्या दवाखान्याची चिठ्ठी. सहा महिन्यांनी पाहिलं तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांत जवळपास निम्म्या लोकांमध्ये, नेमकं सांगायचं तर ४९.९ टक्क्यांत, नैराश्याची लक्षणं टिकून होती. बाकावर बसलेल्यांत हे प्रमाण १३.७ टक्के होतं. डिसेंबर २०१६ मध्ये हे निष्कर्ष ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चाचणीतल्या दर पाच जणांत दोन एचआयव्हीग्रस्त होते. म्हणजे सोपे पेशंट निवडून चांगला निकाल लावला, असंही म्हणता येणार नाही.

शास्त्रीय लेखात या बायकांचा उल्लेख ‘बिगरव्यावसायिक आरोग्यसेविका’ असा येतो आणि बातम्यांत ‘आज्या’ असा. दोन्ही शब्द सामूहिक आहेत, दोन्हींमागे माणसं लपतात. शोना समाजात वडीलधाऱ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत, ‘अंबुया’ किंवा ‘गोगो’ म्हणतात. तो आदर आहे. पण हाच आदर श्रेयनामावलीत शिरला की नावं पुसली जातात. या पुस्तकाची गरज तिथे आहे.

आता या गोष्टीचा आपल्या बाजूचा धागा. बाकावरचे ते चौदा प्रश्न कुठून आले? मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल १९९०च्या दशकात संशोधनासाठी दोन वर्षं हरारेत होते. पारंपरिक वैद्य, दवाखान्यात येणारे पेशंट आणि आरोग्यसेवक यांच्याशी बोलून, लोक आपला मनाचा त्रास कसा सांगतात ते त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिपलं. त्यातून शोना भाषेतली ही प्रश्नावली तयार झाली. त्याच दशकात ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेलानी अबास यांनी हरारेच्या ग्लेन नोरा भागातल्या स्त्रियांमध्ये नैराश्य किती खोलवर आहे हे दाखवून दिलं. पुढे त्या फ्रेंडशिप बेंचच्या संशोधनातही सहभागी झाल्या. म्हणजे आज्यांच्या आधीही या जमिनीत कोणीतरी बी पेरलेलं होतं. आज्यांना संस्थापक म्हणताना या संशोधकांचं ऋण विसरायचं नाही.

डॉ. पटेल हरारेहून गोव्याला आले आणि १९९६ साली सहकाऱ्यांसोबत त्यांनी ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. गोव्यातल्या दवाखान्यांतही चित्र ओळखीचं होतं. बायका अंगदुखी, अशक्तपणा, झोप नसल्याची तक्रार घेऊन येत आणि कारण विचारलं तर ‘टेन्शन’ म्हणत. ‘संगाथ’ने स्थानिक स्त्रियांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्या या स्त्रियांनी गोव्यातल्या १२ सरकारी आणि १२ खाजगी दवाखान्यांत काम केलं. २,७९६ पेशंटचा हा अभ्यास २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. सरकारी दवाखान्यांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी बरं होण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं, खाजगीत मात्र फारसा फरक दिसला नाही. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या त्या भागात नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण कुठेतरी मदत घेत होते. गावातल्याच कार्यकर्त्यांनी दीड वर्ष काम केल्यावर ते प्रमाण शंभरात सत्तावीसवर गेलं.

म्हणजे हा मार्ग आपल्याकडे अनोळखी नाही, आपल्याकडे त्याचे पुरावेही आहेत. तरीही २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य आणि चिंतेसारखे सर्रास आढळणारे आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांविना असल्याचं दिसलं. ही दरी केवळ डॉक्टरांची संख्या वाढवून भरायची म्हटलं तर दोन पिढ्या जातील. म्बारेचं महत्त्व इथे आहे.

म्बारेचं अनुकरण करताना मात्र तीन गोष्टींचं भान ठेवायला हवं. पहिली, बाक म्हणजे डॉक्टरला पर्याय नव्हे. तीव्र मानसिक आजार, भास-भ्रम, आत्महत्येचा धोका, यांसाठी औषध आणि तज्ज्ञ लागतातच. हरारेत बाकामागे परिचारिका होती, तिच्यामागे मानसोपचारतज्ज्ञ होता, आणि आज्यांच्या कामाचा नियमित आढावा घेतला जात होता. ही साखळी नसेल तर नुसता बाक ठेवणं धोक्याचं आहे. दुसरी, हे काम स्वस्तात उरकण्याचं साधन होऊ नये. बायका मायेने करतात, त्यांना पैशांची अपेक्षा नसते, हे वाक्य आपल्याकडे फार वर्षं ऐकू येतं. आशाताईच्या अंगावर आधीच अनेक कामांच्या नोंदवह्या आहेत. त्यावर ‘मनाचं आरोग्य’ ही आणखी एक वही ठेवली आणि मानधन होतं तेवढंच राहिलं, तर ती वही कोरीच राहील आणि दोष मात्र तिच्यावर येईल. तिसरी, आधी ऐकायचं. डॉ. चिबांडांचं खरं मोठेपण मला यातच दिसतं. वस्तीतल्या बायकांनी त्यांची चूक दाखवली तेव्हा हातातला आराखडा बाजूला ठेवून त्यांनी ऐकून घेतलं. पदवीधर माणसाला हे सहज जमत नाही. नाव बदला म्हटल्यावर ते त्यांनी बदललं, भाषा बदला म्हटल्यावर तीही बदलली. ते असं वागले नसते, तर चौदा आज्या आपापल्या घरी राहिल्या असत्या आणि आवारात एक रिकामा बाक उरला असता.

त्यानंतरचा विस्तार थोडक्यात सांगायला हरकत नाही. मलावी आणि झांझिबारमध्ये ही सेवा पोचली. न्यूयॉर्कच्या हार्लेम आणि ब्राँक्समध्ये तिच्यावरून प्रेरणा घेऊन बाक आले. २०२२च्या कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकात जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने स्पर्धेतल्या ३२ संघांच्या नावाने ३२ बाक मांडले गेले. नैराश्यावरचं ज्ञान नेहमी श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे वाहतं असं आपण गृहीत धरतो. इथे ते म्बारेकडून न्यूयॉर्ककडे गेलं, आणि गेलेलं ज्ञान शाळेच्या मोजक्याच इयत्ता शिकलेल्या बायकांचं होतं. मात्र बाक मांडणं सोपं असतं. त्यावर बसणारं माणूस घडवायला वेळ लागतो. जिथे ही सेवा रुजली, तिथे आधी माणसं शोधली गेली.

हे पुस्तक वाचताना वाचकाने एक करावं. चौदा आज्यांकडे थोर, त्यागी, अलौकिक माणसं म्हणून पाहू नये. तसं पाहिलं की आपण हात जोडतो आणि मोकळे होतो. त्या वस्तीतल्या साध्या, अनुभवी, कामाला वाघ अशा बायका होत्या. त्यांनी वस्ती ओळखली, डॉक्टरांना चार गोष्टी सुनावल्या, नवी पद्धत शिकून घेतली आणि वर्षानुवर्षं वेळेवर बाकावर येऊन बसल्या. अशा बायका आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. कोणी आशा आहे, कोणी अंगणवाडीसेविका, कोणी निवृत्त परिचारिका, कोणी बचतगटाची अध्यक्ष.

म्हणून शेवटी दोन विनंत्या. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी विचारांनी पिळवटून निघालं असेल, जगणं नको म्हणत असेल, तर त्याला सल्ला देण्याआधी त्याचं पूर्ण ऐका आणि मग त्याला मदतीपर्यंत न्या. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. दुसरी विनंती गावपातळीवर मानसिक आरोग्याचं काम सुरू करू पाहणाऱ्या संस्थांना, डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना आहे. आराखडा पक्का करण्याआधी त्या वस्तीतल्या चार जाणत्या बायकांना बोलवा, त्या जे बदलायला सांगतील ते बदला, त्यांच्या कामाचा योग्य मोबदला द्या. आणि उद्या तुमच्या संस्थेचा इतिहास लिहाल तेव्हा संस्थापकांच्या यादीत त्यांची पूर्ण नावं लिहा.